राजपुरकरांची हिब्रू

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपट्यानंतर जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे अशी स्थानके घेत जाते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडीचे पाणी, मिठागरे आणि भातखाचरे. या पट्ट्यातली आणि त्याखालच्या अलिबाग, मुरुड भागातली कितीतरी गावे एका लहानशा समाजाने आडनावांत जपून ठेवली आहेत. आपटेकर, पेणकर, वाक्रुळकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर, राजपुरकर. ही सगळी बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची आडनावे. गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. ते घाणा चालवीत, तीळ आणि खोबरे गाळून तेल विकीत, शेतीही करीत. पण शनिवारी घाणा बंद असे.

याच समाजातला एक शाळामास्तर १८७१ मध्ये मुंबई विद्यापीठाचा हिब्रूचा परीक्षक झाला. त्याचे नाव जोसेफ इझिकिएल राजपुरकर. विद्यापीठ तेव्हा अवघे चौदा वर्षांचे होते. हिब्रूही इथे तशी नवीच होती, कारण त्याच्या शंभर वर्षे आधी राजपुरकरांच्या समाजात ती भाषा वाचू शकणारा माणूस शोधूनही मिळाला नसता. एका शतकात एवढे अंतर कसे कापले गेले, हे मराठीच्या इतिहासातले एक विलक्षण प्रकरण आहे. मुद्दाम मराठीच्या म्हणतो, कारण मराठी नसती तर हे झाले नसते, असे मला ठामपणे वाटते.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ज्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणली त्यांना तिथेच मूठमाती मिळाली. पोथ्या समुद्राच्या पोटात गेल्या. जे वाचले त्यांची वंशावळ आगरात, वाडीत, बंदराबंदराला पसरली. हे नेमके कधी घडले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्या पोथ्यांविना गेलेल्या काळाबद्दल मतभेद नाहीत. कोचीनचे ज्यू व्यापारी इझिकिएल राहाबी यांनी १७६८ मध्ये हॉलंडमधल्या टोबियास बोआस यांना पाठवलेल्या पत्रात या लोकांचा उल्लेख आहे. ते मराठ्यांच्या मुलखात राहतात, तेलाचे घाणे चालवतात, काही शिपाईगिरी करतात, शनिवारचा शब्बाथ पाळतात आणि 'शमा'खेरीज त्यांना धर्मग्रंथातले काही येत नाही, असे त्यात म्हटले आहे.

'शमा इस्राएल' म्हणजे देव एकच आहे अशी ग्वाही देणारी प्रार्थना. मूल जन्मले, सुंता झाली, लग्न लागले, माणूस गेला, प्रत्येक वेळी हेच शब्द म्हटले जात. अर्थ कळत नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ. बाकी जे होते ते आचारात होते आणि मराठीत होते. सणांना कोकणी नावे होती: खिरीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण, दारे लावून उपास करायचा दारफाळणीचा सण. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा होई, पोहे-गूळ-नारळाचा. या नावांखाली ज्यू पंचांगातले सण ओळखू येतात. दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. बिरड्याचा सण म्हणजे यरुशलेमचे मंदिर पडले त्याचे सुतक. धर्म टिकला होता, त्याची भाषा गेली होती.

ती परत कशी आली, याची एक कथा समाजात सांगतात. डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. या तेल्यांच्या बायका मासे निवडताना खवले आणि पर असलेलेच मासे घेतात, हे त्याने पाहिले आणि ओळखले. मग त्याने तीन घराण्यांतले तीन तरुण निवडून त्यांना हिब्रू वाचायला शिकवले. ते 'काजी' झाले. गावोगाव फिरून सुंता, लग्ने लावू लागले, तंटे मिटवू लागले. ही तीन घराणी झिराडकर, शापूरकर आणि राजपुरकर. राहाबीचा काळ कोणता, तो एकच होता की दोन, यावर वाद आहेत. पण राजपुरकर हे नाव हिब्रूच्या पहिल्या धड्याशी जोडलेले आहे, हे समाजाने लक्षात ठेवले. राजपुरी म्हणजे मुरुडजवळच्या खाडीवरचे गाव, जिथून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या सुटतात.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही कुटुंबे मुंबईला जाऊ लागली. कोणी सुतारकाम, कोणी गवंडीकाम धरले. पुष्कळ जण कंपनीच्या पलटणीत गेले. त्यांतलेच सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल दिवेकर. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले, सुटले आणि १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात पहिले प्रार्थनालय उभारले, शआर हारहमीम. बेने इस्राएल त्याला 'मशीद'च म्हणत. पुढे दुसरे झाले तेव्हा ही 'जुनी मशीद' आणि ती 'नवी मशीद' झाली. मशीद बंदर स्टेशनचे नाव यावरूनच पडले, असे सांगतात.

इमारत झाली, पण आत म्हणायचे काय? वाचणारे कोठून आणायचे? १८२६ पासून कोचीनचे शिक्षक येऊ लागले. शेलोमो सालेम शुराबी त्यांतले सर्वांत मोठे. गावोगाव हिंडून त्यांनी उपासनेची रीत बसवली. रेवदंड्याला १८४२, अलिबागला १८४८, पनवेलला १८४९ मध्ये प्रार्थनालये झाली. पेणलाही १८६३ मध्ये झाले. जित्यापासून पेण जवळ, पनवेलही फार लांब नाही. या पट्ट्यातल्या खेड्यांतला तेली शब्बाथला नाही तरी मोठ्या सणांना तिथे पोचू शकत होता. शुराबी १८५६ मध्ये वारले.

दुसरी वाट मिशनऱ्यांची होती, आणि तिच्याबद्दल नीट बोलले पाहिजे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये. त्यांना बेने इस्राएलांविषयी विशेष आस्था होती. बायबलातले लोक कोकणात भेटले, याचे त्यांना अप्रूप होते. त्यांनी शाळा काढल्या. विल्सन यांनी तर १८३२ मध्ये हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीत लिहून छापले. त्याच वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले आणि मोल्सवर्थचा कोश एक वर्षापूर्वीच बाहेर पडला होता. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण अजून छापायचे होते. म्हणजे मराठीला स्वतःचे ते व्याकरण मिळण्याआधी मराठीत हिब्रूचे व्याकरण होते! मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, आणि तो जवळजवळ पूर्ण फसला. बेने इस्राएलांनी शाळा घेतली, अक्षरे घेतली, मराठीतला जुना करार घेतला आणि ते ज्यूच राहिले. इतक्या शांतपणे, भांडण न करता एखाद्या समाजाने आपल्याला हवे तेवढेच घेतल्याची उदाहरणे थोडी आहेत.

जोसेफ राजपुरकर १८३४ मध्ये मुंबईत जन्मले, म्हणजे या सगळ्या घुसळणीच्या ऐन मध्यावर. ते बारा वर्षांचे असताना, १८४६ मध्ये, मुंबईत हग्गादाची हिब्रू-मराठी आवृत्ती शिळाप्रेसवर निघाली. हग्गादा म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री घरी वाचायची, मिसरमधून सुटल्याची कथा. शिळाप्रेसचे कारण उघड आहे: हिब्रूचे खिळे मिळणे अवघड, त्यापेक्षा चांगल्या हस्ताक्षरातल्या लेखनाचा ठसा दगडावर उतरवणे सोपे. उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू आणि डावीकडून उजवीकडे जाणारी मराठी एकाच पानावर नांदू लागली.

बाविसाव्या वर्षी, १८५६ मध्ये, राजपुरकर डेव्हिड ससून बेनेव्हलंट इन्स्टिट्यूशन या शाळेत साहाय्यक शिक्षक झाले आणि १८६१ मध्ये मुख्याध्यापक. पुढची चाळीस वर्षे ते त्या खुर्चीवर होते. ही शाळा कोणाची होती, हे समजल्याशिवाय त्या चाळीस वर्षांचे वजन कळत नाही.

डेव्हिड ससून बगदादचे. तिथल्या वालीच्या जाचाला कंटाळून ते १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले आणि कापूस, अफू, कापड यांच्या व्यापारात आशियातल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एकाचे मूळ पुरुष झाले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड, पुण्याचे ओहेल डेव्हिड, मुंबईचे ससून वाचनालय ही नावे आपण अजून घेतो. त्यांच्यामागून बगदाद, बसरा, अलेप्पोहून शेकडो कुटुंबे आली. ती अरबी बोलत, हिब्रू लिपीत अरबी लिहीत; १८५५ पासून त्यांचे तसल्या अरबीतले एक नियतकालिकही मुंबईत निघे. त्यांच्या मुलांना हिब्रू, इंग्रजी, हिशेब शिकवून हाँगकाँग, शांघायच्या पेढ्यांवर पाठवता यावे, यासाठी ही शाळा.

आणि याच बगदादी समाजाला बेने इस्राएल पुरते ज्यू वाटत नव्हते. काळे-सावळे, मराठी बोलणारे, लुगडी नेसणाऱ्या बायकांचे. यांनी मधल्या शतकांत बाहेर लग्ने केली नसतील कशावरून? १८३६ मध्ये बगदाद्यांनी, आणि त्यांत डेव्हिड ससूनही होते, सरकारकडे अर्ज केला, की ज्यू दफनभूमीत दोन समाजांच्या मध्ये भिंत घालावी. मेल्यावरही शेजार नको होता. त्या अर्जाला जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती तोच ससूनांच्याच नावाच्या शाळेत बगदादी पोरांचा मुख्याध्यापक एक राजपुरकर झाला.

हे ससूनांच्या मनाच्या मोठेपणामुळे झाले की त्या जागेसाठी राजपुरकरांइतका योग्य माणूस दुसरा नव्हता म्हणून, याचा तर्क करता येईल. माझा कल दुसरीकडे आहे. व्यापारी माणूस आपल्या मुलांच्या शिक्षणात तडजोड करीत नाही. आणि चाळीस वर्षे कोणी उपकार म्हणून खुर्चीवर ठेवत नाही.

वर्गातली अवस्था डोळ्यांपुढे आणण्यासारखी आहे. हिब्रू आणि अरबी या सेमिटिक कुळातल्या बहिणी. दोघींचे शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभे राहतात. क-त-ब हा लिहिण्याचा धातू घ्या. अरबीतून आपल्याकडे किताब, मक्तब, कातिब आले ते याच धातूचे. हिब्रूत 'कातव' म्हणजे त्याने लिहिले आणि 'मिख्ताव' म्हणजे पत्र. बगदादी मुलाच्या कानाला हे सांगावे लागत नव्हते, त्याच्या घरातच त्या आकृत्या होत्या. घशातून काढायचे 'हेत' आणि 'अयिन' हे वर्ण त्याला आईच्या बोलण्यातून मिळालेले. मराठी शिक्षकाला यातले काहीच जन्माने मिळालेले नव्हते. 'अयिन'साठी देवनागरीत अक्षरच नाही. त्याने हे सारे व्याकरणातून, कष्टाने कमावलेले. जन्माने येणाऱ्याला जे दिसत नाही ते कमावणाऱ्याला दिसते. शिकवायला बसल्यावर हाच गुण उपयोगी पडतो.

१८७१ पासून विद्यापीठाचे परीक्षकपद, पुढे विद्यापीठाची फेलोशिप. संस्कृत, अरबी, फारसी, लॅटिन यांच्या पंक्तीला मुंबई विद्यापीठात हिब्रू बसली होती, आणि तिचे पेपर तपासणारा माणूस ज्या समाजाचा होता त्या समाजातल्या पुष्कळांना अजून अक्षरओळखही नव्हती. युरोपात हिब्रूचे प्राध्यापक बहुधा ख्रिस्ती धर्मशास्त्री असत; त्यांच्यासाठी ती जुन्या कराराची मृत भाषा. राजपुरकरांसाठी ती शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणायची भाषा होती.

पण परीक्षक आणि फेलो म्हणून ते मला महत्त्वाचे वाटत नाहीत. त्यांचे खरे काम रात्रीचे, घरचे. रोजच्या प्रार्थना, योम किप्पूरच्या प्रार्थना, क्षमायाचनेची 'सेलिहोत' अशी ज्यू उपासनेतली पुस्तके त्यांनी एकामागून एक मराठीत आणली. दिवसा बगदादी मुलांना हिब्रू, आणि उरलेल्या वेळात कोकणातल्या माणसांसाठी हिब्रूतले मराठीत. मिशनऱ्यांनी मराठीत बायबल दिले होते खरे, पण उपासनेतल्या पुष्कळ प्रार्थना बायबलात नसतात. शतकानुशतके रब्बींनी, कवींनी रचलेली ती वेगळीच संपदा आहे. ती मराठीत आणणे हे ज्याला हिब्रू, ज्यू उपासना आणि मराठी तिन्ही अंगवळणी आहेत त्यालाच शक्य होते, आणि अशी माणसे तेव्हा एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकी होती.

हे काम दिसते तितके सोपे नाही. हिब्रू काव्यात एकच गोष्ट दोनदा, जरा वळवून सांगायची पद्धत आहे. इंग्रजीत ती कधी कधी पुनरुक्ती वाटते. मराठीत मात्र ओवी-अभंगाला सरावलेल्या कानाला ती परकी वाटत नाही. देवाला एकेरी हाक मारणे हा तर आपला जुनाच अधिकार आहे. तुकोबांच्या मुलखात देवाशी 'तू' म्हणून बोलायला कोणाला शिकवावे लागत नव्हते. दारफाळणीच्या दिवशी दिवसभर उपाशी राहून जो आजवर 'शमा'च फक्त म्हणत आला होता, त्याच्या हातात आता आपल्याच बोलीत लिहिलेले पश्चात्तापाचे शब्द आले. गावातल्या एखाद्याला वाचता येत असले तरी पुरे. तो वाचील, बाकीचे ऐकतील.

राजपुरकर एकटे नव्हते. पुण्यात १८७४ मध्ये मोझेस जेकब तळकर आणि अ‍ॅरन डॅनियल तळकर यांनी हग्गादाचे सचित्र मराठी भाषांतर काढले. चित्रे अ‍ॅम्स्टरडॅमच्या जुन्या हग्गादावरून घेतलेली, पण त्यात बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या. ते छापले विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. मिसरच्या दास्यातून सुटल्याची कथा अग्निहोत्र्याच्या शिळेवर चढली, याचे तेव्हा कोणाला नवल वाटल्याचे दिसत नाही. १८८० च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर आणि त्यांच्या मित्रांनी अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तने रचायला घेतली, झांजा-चिपळ्यांसकट, आर्या-साकी-दिंडीसकट. अष्टमी म्हणजे रोह्याच्या समोरचे, कुंडलिकेच्या पलीकडले गाव. हईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा उघडली, जिथे मराठीबरोबर हिब्रूही होती. त्यांनी समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ मध्ये पुरा केला. तो छापून यायला चाळीस वर्षे गेली, आणि अखेर १९३७ मध्ये तो तेल अवीवला निघाला.

अव्वल इंग्रजी काळातल्या मराठी गद्याचा इतिहास आपण शिकतो. त्यात जांभेकर, दादोबा, कृष्णशास्त्री चिपळूणकर आहेत, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आहे. संस्कृत आणि इंग्रजीतून झालेल्या भाषांतरांची लांबलचक यादी आहे. हिब्रूतून थेट मराठीत आलेल्या या ग्रंथांना त्या इतिहासात जागा नाही, हे मला खटकते. ती भाषांतरे एका छोट्या समाजासाठी होती म्हणून ती मराठी नाहीत काय? महानुभावांचे ग्रंथही एका पंथासाठीच होते, सांकेतिक लिपीत होते. तरी त्यांवाचून आपला वाङ्मयेतिहास आपण लिहीत नाही.

राजपुरकर १९०५ मध्ये मुंबईत वारले. त्याच वर्षी रिबेका रूबेन नावाची एक बेने इस्राएल मुलगी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिली आली. तिचे घराणे मूळ नवगावचे. तिने पुढे इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले आणि १९२२ पासून किहीमकरांनी उघडलेल्या त्या शाळेची ती मुख्याध्यापिका झाली. पहिल्या पिढीत घाणा, दुसरीत पलटण, तिसरीत मास्तरकी असे करत पुढे सरकलेल्या समाजात आता मुलीही आल्या होत्या.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले. तिथे त्यांच्यापुढे पुन्हा तोच जुना प्रश्न आला: हे पुरते ज्यू आहेत का, यांच्याशी लग्न करावे का? १८३६ चीच भिंत नव्या देशात पुन्हा उभी राहू पाहत होती. समाजाने सत्याग्रह केला, उपोषणे केली, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठरावाने मान्य केले. ज्या समाजातल्या मास्तराने चाळीस वर्षे बगदाद्यांच्या मुलांना तोराहची भाषा शिकवली होती, त्या समाजाला हा ठराव लागावा, हे वाचताना आजही संताप येतो.

लोद, रामले, दिमोना, अश्दोद इथे वाढलेल्या त्यांच्या नातवंडांची हिब्रू आता मातृभाषा आहे. 'अयिन' काय, 'हेत' काय, त्यांना शिकावे लागत नाही. राजपुरकरांच्या पुस्तकाचे पान त्यांच्यापुढे धरले, तर हिब्रूचा भाग ती सहज वाचतील. अडतील ती मराठीशी. त्यातल्या काहींनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथे चालवले आहे, मलिदा अजून होतो, आणि वडीलधारी माणसे घरात मराठी बोलतात. पण देवनागरी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. हे ग्रंथ वाचायचे, त्यांतली भाषा तपासायची, कोणत्या हिब्रू शब्दाला राजपुरकरांनी कोणते मराठी रूप दिले याचा कोश करायचा, हे काम आता इथल्याच माणसाला करावे लागेल. मराठी ज्याची घरची आहे आणि हिब्रू जो राजपुरकरांसारखीच, पहिल्या अक्षरापासून शिकायला तयार आहे अशा माणसाला.